काथ्याकूट

मराठीत 'काथ्याकूट' हा शब्द कौतुकाने कोणी वापरत नाही. लांबलेली, निष्फळ, ऐकणाऱ्याला जांभया आणणारी चर्चा म्हणजे काथ्याकूट. बैठक संपल्यावर कोणी 'काय ठरलं?' म्हणून विचारले आणि ठरले काहीच नसले, तर 'नुसता काथ्याकूट झाला' एवढे उत्तर पुरते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या वेळी नारळ नसतो, सोडण नसते, मोगरी नसते. सोडण म्हणजे नारळावरचे जाड, तंतुमय कवच. ते महिनोन्‌महिने पाण्यात कुजवायचे, मग लाकडी मोगरीने कुटायचे, तेव्हा त्यातून धागा सुटतो. तो काथ्या. काथ्या वळला की सुंभ होतो. सुंभाने बाज विणली जाते, विहिरीवरचा पोहरा ओढला जातो, होडी काठाला बांधली जाते. म्हणजे ज्या क्रियेवरून मराठीने निष्फळ बडबडीला नाव दिले, ती क्रिया स्वतः अगदी सफळ आहे. ती कंटाळवाणी मात्र आहे, आणि ती ज्यांच्या वाट्याला आली त्यांना भाषेत फारसे बोलायला मिळाले नाही. शब्दाच्या अर्थाची ही घसरण बहुधा तिथेच सुरू झाली असावी.

या शब्दाकडे मी नीट पाहिले ते अनुवादाच्या कामामुळे. घर कसे सजवावे हे सांगणारे एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणायचे होते. त्यात एक प्रकरण 'ट्रॉपिकल' शैलीवर होते: वेताच्या खुर्च्या, बांबूचे पडदे, सागाची पेटी, कोपऱ्यात मोठ्या पानांचे झाड आणि जमिनीवर काथ्याचे जाजम. सारे साहित्य 'नैसर्गिक' असावे, असा लेखिकेचा आग्रह. वाक्ये सोपी होती. अडचण दोनच शब्दांची होती, 'ट्रॉपिकल' आणि 'नैसर्गिक'.

'ट्रॉपिकल'ला मराठीत शब्द आहे, पण तो घरातला नाही, भूगोलाच्या पुस्तकातला आहे. 'उष्णकटिबंधीय दिवाणखाना' असे लिहिले तर वाचकाला नकाशा आठवेल, घर नव्हे. याचे कारण साधे आहे. जे लोक कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतात ते आपल्या घराला उष्णकटिबंधीय म्हणत नाहीत, घर म्हणतात. त्यांच्याकडे ओटी असते, पडवी असते, माजघर असते. पावसाळ्यापूर्वी पडवीला लावायचे झावळ्यांचे झाप असतात, उन्हाळ्यात दाराला लावायचा वाळ्याचा पडदा असतो. या सगळ्याला मिळून एक नाव हवे असे वाटते ते लांबून पाहणाऱ्याला, थंड देशातून आलेल्याला किंवा इथेच राहून वातानुकूलित खोलीत बसलेल्याला. शैलीचे नाव नेहमी बाहेरून येते. आतल्या माणसाकडे फक्त वस्तूंची नावे असतात.

'नैसर्गिक' हा शब्द अधिक अवघड निघाला. तो मराठीत सहज बसतो, म्हणूनच अवघड. नैसर्गिक म्हणजे निसर्गाने दिलेले. नारळ निसर्गाने दिला हे खरे, पण जाजम निसर्गाने दिलेले नाही. नारळ आणि जाजम यांच्यामध्ये जे काही घडते, ते सगळे या एका विशेषणाखाली झाकले जाते. या लेखात मी ते झाकण थोडे उचलून पाहणार आहे. वेत, बांबू, साग यांचेही असेच इतिहास आहेत. साध्या मंगलोरी कौलाचे उदाहरण घेतले, तर आज जे 'पारंपरिक' म्हणून रिसॉर्टच्या छपरावर चढते ते बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूरला काढलेल्या कारखान्यातून पसरले. पण मी इथे काथ्यापुरतेच बोलते, कारण त्याचा इतिहास मराठीच्या पोटात एका शब्दाच्या रूपाने आधीच येऊन बसला आहे.

काथ्याचा सर्वांत जुना नावलौकिक घराशी नव्हे, समुद्राशी जोडलेला आहे. अकराव्या शतकात अल-बिरुनीने हिंदुस्थानविषयी लिहिताना हिंदी महासागरातल्या बेटांचे दोन गट सांगितले. एक कवड्यांच्या बेटांचा आणि दुसरा 'कनबार'च्या, म्हणजे काथ्याच्या दोरांच्या बेटांचा. ती मालदीवच्या बाजूची बेटे. आपल्या मालावरून बेटांना नाव मिळावे, इतका तो माल मोठा होता. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये काही काळ काझी होता. त्याने काथ्याची सगळी कृती लिहून ठेवली आहे. सोडणे किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत मुरवतात, मग मोगरीने कुटतात, मग बायका त्याचे दोर वळतात, आणि ते दोर हिंदुस्थान, चीन, येमेन येथे जातात. हिंदुस्थान आणि येमेनची जहाजे या दोरांनी शिवलेली असतात, असे तो सांगतो. फळ्यांना खिळे न मारता भोके पाडून त्या काथ्याने शिवायच्या. खडकावर आपटले तर खिळ्यांचे जहाज फुटते, शिवलेले जहाज थोडे वाकून तग धरते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे.

काथ्या समुद्रात टिकतो त्याला कारण आहे. या तंतूत लिग्निनचे प्रमाण खूप असते. तोच पदार्थ लाकडाला कडकपणा देतो. त्यामुळे खाऱ्या पाण्यात काथ्या लवकर सडत नाही. तो हलका असतो, ताणला तर थोडा लांबतो. तागाचा किंवा अंबाडीचा दोर हे सगळे इतक्या चांगल्या रीतीने करू शकत नाही. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना मिऱ्यांइतकीच नांगराच्या दोरांचीही गरज होती. मल्याळम 'कयर' त्यांच्या तोंडी 'कैरो' झाला आणि पुढे इंग्रजीत 'कॉयर' झाला. मराठीने हा शब्द कधी घेतला नाही. आपल्याकडे काथ्या आणि सुंभ हे दोन शब्द आधीपासून होते, एक धाग्यासाठी आणि एक वळलेल्या दोरीसाठी.

इब्न बतूताच्या वर्णनातले दोन तपशील मला पुढच्या सगळ्या इतिहासासाठी महत्त्वाचे वाटतात. एक मोगरी आणि दुसरा बायका. सहाशे-सातशे वर्षांत जहाजांची जात बदलली, राजवटी बदलल्या, काथ्याचे गिऱ्हाईक बदलले. मोगरी आणि बायका जागच्या जागी राहिल्या.

काथ्या समुद्रावरून घरात आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तेही विलायतेतल्या घरात. १८४० च्या दशकापासून लंडनमध्ये नारळाच्या धाग्याची पायपुसणी आणि चटया विकल्या जाऊ लागल्या. लडगेट हिलवरच्या थॉमस ट्रेलोर यांच्या दुकानाने या मालाला नाव मिळवून दिले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात काथ्याच्या वस्तू मांडलेल्या होत्या. चिखल आणि पाऊस यांच्या देशात दारापाशी राठ, न कुजणारे काहीतरी हवेच होते. चर्चच्या वाटांवर, शाळांच्या जिन्यांवर, कचेऱ्यांच्या दारांशी काथ्या अंथरला गेला. धंदा इतका वाढला की थॉमस ट्रेलोर यांचे चिरंजीव विल्यम १९०६ साली लंडनचे लॉर्ड मेयर झाले. अपंग मुलांसाठी त्यांनी काढलेल्या रुग्णालयामुळे ते आजही तिथे आठवले जातात. नारळाच्या सोडणाने एका कुटुंबाला लंडनच्या पहिल्या खुर्चीपर्यंत नेले, याचे मला वाईट वाटत नाही. पण त्याच सोडणाने दुसऱ्या टोकाला काय केले हेही पाहायला हवे.

दुसरे टोक दोन जागी होते, तुरुंगात आणि खाडीत.

तुरुंग आधी घेते, कारण मराठी वाचकाला तो परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांकडून काथ्याच्या चटया विणून घेत. त्या स्वस्त विकल्या जात आणि बाहेरचे मोकळे चटईवाले त्याविरुद्ध तक्रारी करत. काथ्याचे काम शिक्षा म्हणून सोयीचे होते. ते एकट्याने, कोठडीत बसून करता येते, त्याला महागडे हत्यार लागत नाही आणि रोजचे माप वजन करून घेता येते. अंदमानात याच गुणांचा उपयोग अधिक क्रूरपणे झाला. बेटावर नारळ मुबलक होते, आणि १९०६ साली पुरे झालेले सेल्युलर जेल तर एकेकट्या कोठड्यांचेच होते. सोडण कुटणे, दोर वळणे आणि कोलू ओढून तेल काढणे ही तिथली मुख्य कामे होती.

मराठीत हे चित्र सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मुळे पक्के झाले. १९११ साली ते अंदमानला नेले गेले आणि पुस्तक १९२७ साली आले. पण याच तुरुंगातून आणि याच कामातून गेलेल्या माणसांनी बंगालीत आणि इंग्रजीत आधीच लिहिले होते. उपेंद्रनाथ बंद्योपाध्याय यांचे 'निर्वासितेर आत्मकथा' १९२१ सालचे, आणि बारींद्रकुमार घोष यांची इंग्रजी आठवण १९२२ सालची. कोलकात्यात तौलनिक साहित्य शिकत असताना ही पुस्तके मी शेजारीशेजारी ठेवून वाचली. बारींद्र यांनी या कामाची कृती पाककृतीसारखी नेमकी सांगितली आहे. रोज वीस नारळांची सुकी सोडणे मिळायची. ती लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून कुटायची, वरची साल काढायची, पाण्यात भिजवायची, पुन्हा कुटायची, भुसा झटकायचा, धागा वाळवायचा आणि शेवटी किमान एक शेर काथ्या भरून द्यायचा. ज्याचे हात लेखणीखेरीज कशाला सरावलेले नव्हते, त्याला हे माप भरणे म्हणजे काय झाले असेल याची कल्पना येते. बंगालीत सोडणाला 'छोबडा' म्हणतात. त्या पुस्तकांतून तो शब्द राजकीय यातनेचा शब्द होऊन बाहेर येतो. मराठीतही 'अंदमानात काथ्या कुटला' असे म्हटले की वाचक गंभीर होतो. पण त्याच वाचकाच्या तोंडी 'काथ्याकूट' आला की त्याला हसू येते. एकाच क्रियेचे हे दोन अर्थ आपल्या भाषेत एकमेकांना न भेटता राहतात.

आणि तिसरा अर्थ, रोजच्या मजुरीचा, दोन्हींत सापडत नाही. तो पाहायचा तर खाडीकडे जायला हवे.

१८५९ साली अमेरिकेहून आलेल्या जेम्स डॅरा यांनी अलेप्पीत, म्हणजे आजच्या आलप्पुळ्यात, काथ्याच्या चटयांचा पहिला कारखाना काढला. गिऱ्हाईक विलायतेत आणि अमेरिकेत, कच्चा माल दाराशी, मजुरी स्वस्त, असे ते गणित होते. त्यांच्यामागून इतर युरोपीय कंपन्या आल्या आणि हे बंदराचे गाव मागांच्या खडखडाटाने भरून गेले. माग चालवणारे पुरुष कारखान्यात दिसत. धागा मात्र कारखान्यात तयार होत नव्हता. तो मैलोन्‌मैल पसरलेल्या खाडीकाठच्या अंगणांत तयार होत होता.

उत्तम 'पांढऱ्या' काथ्यासाठी नारळ पुरा पिकण्याआधी उतरवतात. हिरवी सोडणे जाळ्यांत बांधून किंवा चिखलात पुरून खाडीच्या खाऱ्या पाण्यात सहा ते दहा महिने ठेवतात. पाण्यातले सूक्ष्म जीव तंतूंना चिकटवून ठेवणारे द्रव्य खाऊन टाकतात. त्या काळात पाणी काळे पडते, हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास सुटतो आणि आसपासचे मासे टिकत नाहीत. मग सोडणे बाहेर काढून बायका ती मोगरीने कुटतात. मल्याळममध्ये सोडणाला 'तोंडु' म्हणतात आणि कुटण्याला 'तल्लल'. ओल्यात बसून, काळ्या पाण्यात हात घालून, दिवसभर. कुटलेला धागा वाळवून मग राटावर त्याचे सूत काढतात. एक जण चाक फिरवते आणि दोघी कमरेला धागा बांधून उलट्या पावलांनी मागे मागे चालत जातात. त्या दिवसभरात मैलोन्‌मैल चालतात आणि अंगणातच राहतात.

हे काम कोणी करायचे, हेही ठरलेले होते. मजुरांत मोठा भाग इळवा समाजाचा होता. ज्या समाजाला देवळाजवळच्या रस्त्यावर चालण्याची मनाई होती, त्या समाजाच्या बायकांनी कुटलेल्या धाग्यावर विलायतेतली चर्चे पावले पुसत होती. महाराष्ट्रात राहणाऱ्याने यावर आश्चर्य करू नये. आपल्याकडेही दोर वळणे आणि केरसुण्या बांधणे मातंगांचे, आणि बांबूची सुपे, टोपल्या, तट्टे विणणे बुरुडांचे, अशी वाटणी होती. पुस्तकात ज्याला 'नैसर्गिक साहित्य' म्हटले आहे, त्या प्रत्येक वस्तूला भारतात एक जात चिकटलेली होती. वस्तू दिवाणखान्यात आली तेव्हा ती जात दाराबाहेर राहिली, आणि वस्तू एकटीच, निसर्गाची मुलगी होऊन, आत आली.

पण अलेप्पीचे मजूर गप्प राहिले नाहीत, आणि काथ्याच्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९२२ साली वडप्पुरम पी. के. बावा या कामगाराच्या पुढाकाराने तिथे त्रावणकोर लेबर असोसिएशन स्थापन झाली. केरळातल्या कामगार संघटनांचा इतिहास साधारणपणे इथपासून सांगितला जातो. आरंभी ती वर्गणी, वाचन, सभा अशा सौम्य कामांत होती. जागतिक मंदीत मजुरी कापली गेली, तेव्हा ती लढाऊ झाली. १९३८ साली काथ्या कारखान्यांत सार्वत्रिक संप झाला. त्यात मजुरीबरोबर जबाबदार राज्यपद्धतीची मागणीही होती. पायपुसणे विणणारा माणूस 'राज्य कोणाचे?' असे विचारू लागला.

ऑक्टोबर १९४६ मध्ये पुन्नप्रा आणि वयलार येथे त्याची किंमत मोजली गेली. दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या राजवटीविरुद्ध काथ्या कामगार, शेतमजूर आणि कोळी एकत्र आले. त्यांच्या हातात सुपारीच्या खोडाचे, टोके काढलेले भाले होते. समोर सैन्य आणि बंदुका होत्या. किती मेले याचा आकडा आजही वादाचा आहे, पण तो शेकड्यांत होता याविषयी फारसा वाद नाही. सुपारीचे खोड हेही नैसर्गिकच साहित्य. 'ट्रॉपिकल' शैलीच्या पुस्तकांत ते छताच्या वाशांसाठी सुचवलेले असते.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली काथ्या उद्योगाचा स्वतंत्र कायदा झाला आणि कॉयर बोर्ड आले. पुढचा पेच यंत्राचा होता. सोडण कुटण्याचे यंत्र निघाले, तेव्हा मोगरीपासून सुटका होईल असे बाहेरच्याला वाटले असते. पण मोगरी सुटली म्हणजे मजुरीही सुटली. संघटनांनी विरोध केला आणि १९७० च्या दशकात केरळ सरकारने या यंत्रांवर निर्बंध घातले. तमिळनाडूत असे बंधन नव्हते. तिथे पोल्लाचीच्या बाजूला सुक्या सोडणांपासून यंत्राने तपकिरी काथ्या काढण्याचा धंदा फोफावला आणि केरळ मागे पडले. कोणाचे बरोबर होते? कंबर मोडणारे काम टिकवण्यासाठी ते करणाऱ्यांनीच लढावे, हे वरवर विसंगत दिसते. पण दुसरे काम समोर नसताना जगण्याचा हिशेब तसाच होतो. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच दिसते की 'हाताने बनवलेले' हे शब्द ज्या वस्तूच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत छापतात, त्या वस्तूमागचे हात या पेचातून आलेले असतात.

या सगळ्यात 'शैली' केव्हा आली? आज जिला 'ट्रॉपिकल' म्हणून जग ओळखते तिच्या घडणीत श्रीलंकेच्या जेफ्री बावा या वास्तुकाराचा मोठा वाटा आहे. तिचा उगम मला विचार करायला लावतो. कोलंबोत एना डि सिल्वा या कलावतीचे घर त्यांनी १९६० ते ६२ या काळात बांधले. तेव्हा परकीय चलन वाचवण्यासाठी सिलोनमध्ये आयातीवर कडक बंधने होती. काच, पोलाद यांची टंचाई होती. मग घर आत वळले. मधोमध अंगण, भोवती ओसऱ्या, स्थानिक दगड, लाकूड, कौले, हातमागाचे कापड. मोठ्या काचा नव्हत्या म्हणून वारा आत आला. पुढे त्यांनी समुद्रकाठची हॉटेले बांधली. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांनी ती रीत डोळ्यांत साठवून नेली. बालीपासून गोव्यापर्यंत तिच्या नकला झाल्या, आणि सुंदर छायाचित्रांची पुस्तके निघाली. टंचाईतून निघालेली युक्ती तीस-चाळीस वर्षांत चैनीची निवड झाली. एना डि सिल्वा यांच्या घराची कथाही बोलकी आहे. शहरातली जागा विकावी लागली तेव्हा ते घर मोडले नाही. त्याचे दगड, विटा, कौले यांवर क्रमांक घालून ते उतरवले आणि बेंतोटाजवळ, बावांच्या लुनुगंगा बागेच्या परिसरात पुन्हा उभे केले. एका घराच्या प्रत्येक दगडाची नोंद ठेवणे शक्य असते, हे त्यातून कळते. ते दगड रचणाऱ्यांची नोंद मात्र कोणी इतकी चिकाटीने ठेवत नाही.

इकडे कोकणात उलटा प्रवास चालू होता. माझ्या आजोळी, मालवणच्या बाजूला, लहानपणी पाहिलेली बाज काथ्याची होती, पडवीची जमीन शेणाने सारवलेली होती आणि गुरांच्या गोठ्यावर झाप होते. खाडीकाठी सोडणे पुरलेली असत आणि ती कुटायला एक मावशी येत. त्यांच्या मुलाने मुंबईत नोकरी करून गावात स्लॅबचे घर बांधले. गुळगुळीत फरशी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दारात हिरवे नायलॉनचे पायपुसणे. मी तेव्हा नुकतीच शिकून आले होते आणि मला हळहळ वाटली. काथ्याचे पायपुसणे किती छान दिसले असते, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, 'जल्मभर कुटलंय मियां, आता पायाखाली तरी नको ता.' त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. शहरातल्या माणसाला जे साहित्य निवांतपणाची आठवण देते, तेच साहित्य त्यांना कमरेच्या दुखण्याची आठवण देत होते. दोघांपैकी कोणाची रुची अधिक चांगली, हा प्रश्नच चुकीचा आहे. रुचीला मागे एक दिवसभराचे काम जोडलेले असते. कोणाला ते करावे लागलेले असते, कोणाला नसते.

गृहसजावटीच्या त्या पुस्तकात माझा संपादकांशी वाद झाला तो याच शब्दावरून. 'काथ्या' हा शब्द गरिबीचा वाटतो, असे त्यांचे म्हणणे. 'नैसर्गिक तंतू' लिहावे, किंवा सरळ 'कॉयर'. मला त्यांचा मुद्दा कळत होता. पुस्तक विकत घेणाऱ्याला जे स्वप्न हवे आहे, त्यात खाडीचा वास येता कामा नये. पण अनुवादकाने शब्द निवडताना वाचकाच्या स्वप्नाइतकाच वस्तूचाही विचार करायचा असतो. 'नैसर्गिक तंतू' म्हटले की तो कोठूनही आलेला असू शकतो. 'काथ्या' म्हटले की त्यामागे नारळ येतो, सोडण येते, मोगरी येते आणि मोगरी कोणाच्या तरी हातात असते. अखेर 'ट्रॉपिकल' त्यांच्या मनासारखा राहिला आणि 'काथ्या' माझ्या मनासारखा.

काथ्याचे जाजम कोणी घेऊ नये, असा या इतिहासाचा अर्थ मी काढत नाही. तसे केले तर आज आलप्पुळ्यात आणि पोल्लाचीत ज्यांचे घर त्यावर चालते त्यांचेच नुकसान. प्लॅस्टिकच्या मानाने हे साहित्य मातीला जड होत नाही, हेही खरे. पण वस्तू 'नैसर्गिक' आहे म्हणून आपण निर्दोष झालो असे समजू नये. किंमत पाहताना त्यातले किती कुटणारीकडे जाते हे विचारावे. विचारणे अवघड नाही. सहकारी संस्थांचा माल मिळतो, आणि धागा कोठून आला हे चांगला दुकानदार सांगू शकतो.

साहित्यात हा प्रश्न एका मोठ्या कादंबरीने आपल्या नावातच धरून ठेवला आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'कयर' १९७८ साली प्रसिद्ध झाली. ती कुट्टनाडच्या भूमीची, तिथल्या पिढ्यांची, जमीन मोजण्याची, मालकी बदलण्याची, माणसे एकमेकांत गुंतत जाण्याची दीर्घ कथा आहे. नाव एकाच शब्दाचे. मल्याळममध्ये 'कयर' म्हणजे दोर. इंग्रजीत तोच शब्द 'कॉयर' झाल्यावर त्याचा अर्थ चटईचा धागा एवढाच उरतो, आणि पिढ्यांना पिढ्या वळत जाणारा दोर हरवतो. मी अधूनमधून मनाशी विचार करते की मराठीत हे नाव काय करावे. 'दोर' म्हटले तर नारळ जातो. 'काथ्या' म्हटले तर वळलेपण जाते, नुसता सुटा धागा राहतो. मग 'सुंभ' उरतो. धागा नारळाचाच, आणि दोन हातांच्या तळव्यांत वळलेला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही आपली म्हण हट्टी माणसाला टोमणा म्हणून वापरतात. १९४६ च्या ऑक्टोबरनंतरही अलेप्पीच्या कारखान्यांत ज्यांनी पुन्हा संघटना बांधली, त्यांच्यापुढे ठेवली तर ती टोमणा वाटत नाही.